संगणकाला न सापडलेला चौरस

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली ही हकिकत आहे. घाटंजीच्या आसपास कपाशीची पहिली वेचणी चालू होती. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी भेटायला आला. बारावीला तो माझ्याकडे भौतिकशास्त्र शिकला होता. आता बाहेरगावी राहून संगणकशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करतो. वडील कोरडवाहू शेतकरी. दोन वेचण्यांचा कापूस विकला की त्यातून मुलाची फी भरायची, असा घरचा हिशेब.

इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने खाली मान घालून मुख्य गोष्ट सांगितली. एका विषयात तो नापास झाला होता. विषयाचे नाव 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स'. मराठीत त्याला विविक्त गणित म्हणतात.

"सर, हे डोक्यात शिरूनच नाही राहिलं," तो म्हणाला. "प्रोग्रॅम लिहायला सांगा, रात्रभर बसून लिहीन. पण इथं संच, संबंध, आलेख आणि 'सिद्ध करा, सिद्ध करा'! आता संगणक सेकंदाला कोट्यवधी शक्यता तपासतो. मग सिद्ध कशाला करायचं? सगळं करून पाहिलं की झालं. बाबा म्हणतात, जमत नसेल तर परत ये, शेत आहेच."

खरे सांगायचे तर माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. एम्.एस्सी. होईपर्यंत आम्ही जे गणित शिकलो ते बहुतेक कलनशास्त्र, म्हणजे वेग, त्वरण, उष्णतेचा प्रवाह, लहरी यांचे गणित. या दुसऱ्या गणिताकडे मीही 'कोड्यांचे गणित' म्हणूनच पाहत आलो होतो. म्हणून मी त्याच्याकडून त्याचे पुस्तक मागून घेतले आणि आठ दिवसांनी यायला सांगितले. त्या आठ दिवसांत मला जे उत्तर सापडले, ते आज तुम्हांलाही सांगतो.

सलग आणि सुटे

आधी 'विविक्त' म्हणजे काय ते पाहू. विविक्त म्हणजे सुटे, एकमेकांपासून वेगळे. बाजारात कापूस काट्यावर चढतो तेव्हा त्याचे वजन १२ क्विंटल असेल, साडेबारा असेल किंवा त्यांच्या मधले कोणतेही असेल. वजन ही सलग राशी आहे. तोच कापूस जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या १७० किलोग्रॅमच्या गाठी बांधतात. गाठी मात्र मोजाव्या लागतात. दोन गाठी असतील किंवा तीन, मधले काही नाही. जिथे मापावे लागते तिथे सलग राशींचे गणित आणि जिथे मोजावे लागते तिथे विविक्त गणित, असा ढोबळ भेद करता येईल.

संगणकाच्या पोटात सगळा कारभार सुट्या वस्तूंचा आहे. प्रत्येक ठिकाणी ० असते किंवा १ असतो. मजकूर, चित्र, गाणे, बँकेतील शिल्लक, सारे शेवटी शून्ये आणि एक यांच्या रांगांत मांडले जाते. म्हणून संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला संच, तर्कशास्त्र, मोजण्याच्या रीती आणि आलेख शिकवतात. येथे आलेख म्हणजे आलेखकागदावरची रेघ नव्हे. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, जशी गावे आणि त्यांना जोडणारे रस्ते, यांनाही आलेखच म्हणतात.

येथपर्यंत माझ्या विद्यार्थ्याला मान्य होते. त्याचा आक्षेप 'सिद्ध करा' या दोन शब्दांवर होता. तेव्हा तिकडे वळू.

वर्गातील मैत्री

समजा, एका वर्गात ४५ मुले आहेत. मैत्री नेहमी दोन्ही बाजूंनी असते असे धरू, म्हणजे राम श्यामचा मित्र असेल तर श्यामही रामचा मित्र. आता प्रश्न असा: प्रत्येक मुलाला वर्गात बरोबर सात मित्र असतील, अशी मैत्री जुळवता येईल का?

संगणकाकडून 'सगळे करून पाहायचे' ठरवू. ४५ मुलांतून दोन-दोनच्या जोड्या होतात (४५ × ४४) ÷ २ = ९९०. प्रत्येक जोडीत मैत्री आहे किंवा नाही, असे दोनच प्रकार. म्हणजे एकूण शक्यता झाल्या २ चा ९९० वा घात. ही संख्या लिहायला २९९ अंक लागतात. जगातले सर्व संगणक एकत्र केले तरी एवढ्या शक्यता तपासून संपणार नाहीत.

आता गंमत पाहा. प्रत्येक मुलाला एका कागदावर आपल्या मित्रांची संख्या लिहायला सांगा आणि त्या संख्यांची बेरीज करा. बेरीज येईल ४५ × ७ = ३१५. पण प्रत्येक मैत्री या बेरजेत दोनदा मोजली गेली आहे, एकदा रामच्या कागदावर आणि एकदा श्यामच्या. म्हणजे बेरीज सम यायला हवी. ३१५ ही तर विषम संख्या. म्हणून अशी मैत्री जुळणे अशक्य. झाली सिद्धता! चार ओळींत २९९ अंकी शक्यतांचा निकाल लागला.

आठ दिवसांनी मुलगा आला तेव्हा हे उदाहरण मी त्याला पाटीवर करून दाखवले. तो थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, हे जमत नाही हे सिद्ध झालं, कबूल. पण एखादी गोष्ट जमत असेल, तर ती संगणक शोधून काढीलच ना?"

प्रश्न चांगला होता, आणि त्याचे उत्तर मला आपल्याच विदर्भात शिकलेल्या एका गणितज्ञाच्या कामात सापडले. पण तेथे पोचायला आधी एका शेतातून जावे लागेल.

कपाशीच्या शेतातला चौरस

कपाशीच्या चार वाणांपैकी कोणते चांगले, हे तुम्हांला ठरवायचे आहे. शेत एकच आहे, पण सर्वत्र सारखे नाही. नाल्याच्या बाजूला काळी कसदार जमीन आहे, तर दुसऱ्या टोकाला बरड. शिवाय शेताला उतार आहे, म्हणून वर ओल कमी आणि खाली जास्त. एक वाण सगळाच नाल्याकाठी पेरला तर तो जमिनीच्या जोरावर पुढे जाईल आणि निष्कर्ष चुकेल.

यावर उपाय असा. शेताचे चार ओळी आणि चार स्तंभ असे १६ तुकडे करायचे. वाणांना अ, ब, क, ड म्हणू. ते असे पेरायचे:

अ ब क ड
ब अ ड क
क ड अ ब
ड क ब अ

प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक स्तंभातही एकदाच येतो, म्हणून जमिनीचा चांगुलपणा आणि वाईटपणा सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो. अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात ही रीत शेतीच्या प्रयोगांत रुळवली. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी शेतीच्या प्रयोगांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकी महाविद्यालयांतील अनेक पिढ्या त्यावर शिकल्या.

आता त्याच शेतात चार वाणांबरोबर चार प्रकारची खतेही तपासायची असली तर? खतांना १, २, ३, ४ म्हणू. खतांचाही लॅटिन चौरस हवा. शिवाय प्रत्येक वाण प्रत्येक खताबरोबर बरोबर एकदाच यायला हवा. म्हणजे दोन लॅटिन चौरस एकमेकांवर ठेवले की सर्व जोड्या वेगवेगळ्या आल्या पाहिजेत. अशा दोन चौरसांना आपण 'जोडीदार चौरस' म्हणू. तीनचे उदाहरण पाहा:

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

नऊ घरांत नऊ निरनिराळ्या जोड्या आल्या आहेत. तपासून पाहा. दोनचे मात्र जमत नाही. कागदावर करून पाहिलेत तर अर्ध्या मिनिटात त्याचे कारण कळेल.

छत्तीस अधिकारी

या चौरसांचा पहिला खोल अभ्यास केला तो लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखाची सुरुवात एका कोड्याने होते. सहा पलटणींतून प्रत्येकी सहा अधिकारी बोलावले आहेत आणि पलटणीतल्या सहाजणांचे हुद्दे वेगवेगळे आहेत. या ३६ अधिकाऱ्यांना ६ × ६ च्या चौरसात असे उभे करा की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी येईल.

ऑयलरला हे साधले नाही. विषम संख्यांसाठी आणि ४ ने भाग जाणाऱ्या संख्यांसाठी जोडीदार चौरस कसे करायचे, ते त्याला ठाऊक होते. राहिल्या २, ६, १०, १४, १८, २२ अशा संख्या, ज्यांना ४ ने भागले की बाकी २ उरते. दोनचे जमत नाही हे उघड होते. सहाचे जमेना. त्यावरून त्याने तर्क केला की या मालिकेतील कोणत्याच संख्येचे जमणार नाही.

१९०० च्या सुमारास गास्तों तारी या फ्रेंच गणितप्रेमीने सहाच्या चौरसांची प्रकारांनुसार वर्गवारी केली, हाताने सर्व शक्यता तपासल्या आणि सहाचे खरोखरच जमत नाही हे दाखवले. ऑयलरच्या तर्काला बळ मिळाले. पण दहाचे काय? १० × १० चे लॅटिन चौरस किती आहेत, ते आज मोजलेले आहे. ती संख्या सुमारे १ वर ३७ शून्ये एवढी येते.

येथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला साजेल असा एक हिशेब करू. सेकंदाला शंभर कोटी चौरस तपासणारे यंत्र घेतले, तर या सर्व चौरसांवरून नुसती नजर फिरवायला १ वर २८ शून्ये इतके सेकंद लागतील. एका वर्षात सुमारे ३.१५ कोटी सेकंद असतात. म्हणजे ३ वर २० शून्ये इतकी वर्षे झाली. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. हा काळ त्याच्या दोन हजार कोटी पटींहून अधिक भरतो. आणि यात अजून चौरसांच्या जोड्या लावलेल्याच नाहीत!

तरीही प्रयत्न झाला. १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील 'स्वॅक' या त्या काळच्या वेगवान संगणकावर दहाच्या एका चौरसाचा जोडीदार शोधायचे काम लावले होते. यंत्र शंभराहून अधिक तास चालले आणि हाती काही लागले नाही. ऑयलर बरोबरच असला पाहिजे, असे अनेकांना वाटू लागले.

नागपूरचे श्रीखंडे

आता आपल्या माणसाकडे येऊ. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागर येथे झाला. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांचा राजचंद्र बोस यांच्याशी संबंध आला. पुढे बोस अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. श्रीखंडेही तेथे गेले आणि १९५० साली त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून नागपूरला अध्यापनासाठी परत आले. १९५८ च्या सुमारास ते पुन्हा नॉर्थ कॅरोलिनात बोस यांच्याबरोबर काम करीत होते.

१९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी २२ × २२ चे जोडीदार चौरस तयार केले. बावीस ही ऑयलरच्या 'अशक्य' यादीतली संख्या. १७७ वर्षांचा तर्क कोसळला! त्याच सुमारास एका संगणक कंपनीत काम करणाऱ्या अर्नेस्ट पार्कर यांनी १० × १० ची जोडी तयार केली, तीही यंत्राने नव्हे, तर कागद-पेन्सिलीने. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ सोडले तर या मालिकेतील प्रत्येक संख्येचे जमते. ऑयलरने पाहिलेल्या दोन संख्याच काय त्या अपवाद निघाल्या.

२६ एप्रिल १९५९ रोजी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणितातल्या शोधाला असा मान क्वचितच मिळतो. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या मुखपृष्ठावर दहाचा तो चौरस रंगीत चित्राच्या रूपाने झळकला. श्रीखंडे पुढे भारतात परतले. १९६३ पासून १९७८ पर्यंत त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा सांभाळली. १०२ वर्षांचे दीर्घ आयुष्य लाभून २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाडा येथे त्यांचे निधन झाले. आलेखांच्या शास्त्रात एक आलेख आजही 'श्रीखंडे आलेख' याच नावाने जगभर शिकवला जातो.

बावीस कसे जमले?

आता तुम्ही विचाराल की बावीसचा चौरस त्यांनी शोधला कसा? त्यांनी तो शोधला नाही. तो बांधला! कसे ते पाहू. यातली मुख्य कल्पना तुम्हांला नक्की समजेल.

१८५० साली कर्कमन या इंग्रज गणितज्ञाने एक कोडे घातले होते. शाळेतल्या १५ मुली रोज तिघी-तिघींच्या पाच गटांत फिरायला जातात. सात दिवसांचे असे वेळापत्रक करा की कोणत्याही दोन मुली आठवड्यात बरोबर एकदाच एका गटात येतील. हे जमते. सात दिवसांचे मिळून ३५ गट होतात.

आता सात बाई नेमा, रोज एक. ज्या दिवशी ज्या बाईंची पाळी असेल, त्यांचे नाव त्या दिवसाच्या पाचही गटांत लिहा. प्रत्येक गट चौघींचा झाला. शेवटी सातही बाईंचा एक वेगळा गट करा. एकूण व्यक्ती १५ + ७ = २२. आता कोणत्याही दोघी निवडा, त्या बरोबर एकाच गटात एकत्र सापडतील. दोन मुली असतील तर कर्कमनमुळे, एक मुलगी आणि एक बाई असतील तर त्या बाईंच्या दिवशी आणि दोन बाई असतील तर बाईंच्या गटात.

पडताळा घेऊ. चौघींच्या गटात ६ जोड्या होतात आणि सातजणींच्या गटात २१. म्हणून ३५ × ६ + २१ = २३१. आणि २२ जणींच्या एकूण जोड्या (२२ × २१) ÷ २ = २३१. तंतोतंत जुळले.

चारचे आणि सातचे जोडीदार चौरस पूर्वीपासून माहीत होते. बावीसच्या चौरसात अमुक ओळ आणि अमुक स्तंभ यांच्या घरात काय लिहायचे? ओळीची आणि स्तंभाची व्यक्ती ज्या एकमेव गटात एकत्र येतात तो गट शोधायचा आणि त्या गटाच्या लहान चौरसातली नोंद येथे लिहायची. ओळ आणि स्तंभ एकाच व्यक्तीचे असतील तर त्या घरात तिचेच नाव. लहान चौरस शिवून असा मोठा चौरस तयार झाला. शोधत बसण्याची गरजच पडली नाही.

यंत्र हरले की रीत हरली?

येथवर ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे सर, संगणक बिनकामाचा?"

तसे मुळीच नाही. पुढे पार्कर यांनी दहाच्या चौरसांसाठी संगणक वापरला, पण शोधायची रीत बदलून. चौरसात एकेक घर भरत जाण्याऐवजी त्यांनी आधी दहा-दहा घरांचे असे संच काढले की प्रत्येक ओळीतून एक घर, प्रत्येक स्तंभातून एक घर आणि प्रत्येक चिन्ह एकदाच. असे दहा संच एकमेकांना न छेदता चौरस व्यापून टाकतात का, एवढेच मग तपासायचे. जोडीदार हवा तर असे दहा संच हवेतच, आणि ते मिळाले की जोडीदार मिळालाच. या एका विचाराने काम कितीतरी पटींनी कमी झाले आणि यंत्राला जोडीदार सापडू लागले. यंत्राचा वेग वाढवून हे साधले नसते.

दुसरे उदाहरण. दहाच्या चौरसांचा नऊजणांचा असा गट असू शकतो का, की त्यातले कोणतेही दोन एकमेकांचे जोडीदार असतील? कॅनडातील क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दीर्घ संगणकीय शोधानंतर दाखवले की असा गट नाही. तेथेही आधी गणिताने शक्यता छाटून यंत्राच्या आवाक्यात आणल्या, मगच यंत्राने त्या संपवल्या. आणि दहाच्या अशा तीन चौरसांचा गट आहे का? हे आजही कोणालाही ठाऊक नाही.

आता त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. ऑयलरला सापडले नाही, शंभर तास चाललेल्या यंत्राला सापडले नाही. पण न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. नाही म्हणायचे तर तारीप्रमाणे एकही शक्यता न सोडता दाखवावे लागते, किंवा मैत्रीच्या उदाहरणाप्रमाणे कारण द्यावे लागते. आहे म्हणायचे तर श्रीखंड्यांप्रमाणे बांधून दाखवावे लागते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे रोज लागते. त्याचा प्रोग्रॅम शंभर वेळा बरोबर चालला म्हणून एकशे एकाव्या वेळी चालेलच असे नाही. तो नेहमी बरोबर का चालतो, याचे कारण सांगता येणे म्हणजेच सिद्धता.

चहाच्या टपरीवर

हे सारे कागदावरचे राहिले असे समजू नका. घाटंजीच्या बसस्थानकाजवळ चहा प्यायलात तर पैसे देण्यासाठी टपरीवर चिकटवलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन मोबाईलला दाखवता. त्यावर चहाचे डाग असतात, कोपरा फाटलेला असतो, तरी पैसे बरोबर माणसाला पोचतात. याचे कारण, त्या ठिपक्यांत मूळ माहितीबरोबर जास्तीचे ठिपके गणिताने बसवलेले असतात. काही ठिपके पुसले तरी उरलेल्यांवरून ते ओळखता येतात. चौकोन वाचायचा कसा, ही सूचना त्यातल्या ज्या पट्टीत असते, तिची सांकेतिक रीत 'बीसीएच' या नावाची आहे. त्यातला 'बी' म्हणजे बोस, श्रीखंड्यांचे गुरू. बोस आणि त्यांचे विद्यार्थी रायचौधुरी यांनी ही रीत १९६० साली प्रसिद्ध केली. फ्रान्समध्ये होक्वेंघेम यांनी ती स्वतंत्रपणे एक वर्ष आधी शोधली होती. बोस आणि श्रीखंडे यांनीही १९५९ साली अशा सांकेतिक रीतींवर एकत्र लेख लिहिला होता. शेतातल्या तुकड्यांची मांडणी आणि टपरीवरचा चौकोन या दोहोंमागे एकाच घराण्याचे गणित आहे.

अभ्यास कसा करावा?

माझ्या विद्यार्थ्याबरोबर बसून मी त्याचे पुस्तक चाळले, तेव्हा त्याची अडचण माझ्या लक्षात आली. तो सिद्धता पाठ करीत होता. हे गणित पाठ होत नाही. तुमच्यापैकी जे पुढे या वाटेने जातील, त्यांच्यासाठी आम्ही दोघांनी मिळून ठरवलेला क्रम सांगतो.

पहिले, प्रत्येक प्रमेय लहान संख्येवर हाताने करून पाहा. ४५ मुलांऐवजी ५ घ्या, १० च्या चौरसाऐवजी ३ चा घ्या. दुसरे, शब्दांचे अर्थ काटेकोर धरा. 'एखादा', 'प्रत्येक', 'बरोबर एक' आणि 'निदान एक' हे वेगवेगळे आहेत. निम्म्या चुका येथेच होतात. तिसरे, आपला अंदाज लिहून ठेवा आणि तो मोडायचा मनापासून प्रयत्न करा. ऑयलरसारख्याचा अंदाज मोडला, तेथे आपली काय कथा! चौथे, सिद्धता पुस्तक मिटून आपल्या शब्दांत, धाकट्या भावाला सांगतो तशी, लिहा. आणि पाचवे, त्यानंतरच प्रोग्रॅम लिहा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. संच, तर्कवाक्ये, मोजण्याच्या रीती हे धडे शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात असतात, पण गुण मिळवून देणारे सोपे धडे म्हणून ते आपण लवकर उरकतो. त्यांतले एखादे उदाहरण सावकाश, कारणासह करून घेतले, तर पुढे बाहेरगावी गेलेल्या मुलावर एकट्याने गोंधळून जाण्याची पाळी येणार नाही. मीही आजवर हे केले नव्हते. यंदा अकरावीच्या पहिल्याच तासाला वर्गातील मैत्रीचे उदाहरण घेतले.

मुलगा दिवाळीनंतर परत गेला. जाण्यापूर्वी वडिलांना घेऊन आला होता. वडिलांनी मला एकच विचारले, "सर, याच्यानं होईल का?" मी म्हणालो, "होईल असे मला वाटते. पण वाटणे म्हणजे सिद्धता नव्हे, ती त्यालाच द्यायची आहे." मुलगा हसला. नापास झालेल्या विषयाची परीक्षा त्याने पुन्हा दिली आहे, निकाल अजून लागायचा आहे. परवा मात्र त्याने तारीच्या रीतीने स्वतः केलेली चारच्या लॅटिन चौरसांची वर्गवारी पाठवली. तपासली. एकही शक्यता सुटलेली नव्हती.

करून पाहा

१. पत्त्यांतून चार राजे, चार राण्या, चार गुलाम आणि चार एक्के काढा. ही १६ पाने ४ × ४ च्या चौरसात अशी मांडा की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात चारही चित्रे आणि चारही रंग (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर) एकेकदाच येतील. हे जमते, तेव्हा धीर सोडू नका. जमल्यावर दोन्ही कर्णांतही तसेच जमवून पाहा.

२. ३३ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बरोबर पाच मित्र असू शकतील का? आणि वर्गात ३४ मुले असली तर? दुसऱ्या प्रश्नात गुणाकार सम येतो, पण तेवढ्यावरून 'जमते' म्हणता येईल का? नाही. बांधून दाखवावे लागेल. मुलांना गोल बसवून विचार करा.